रीतसर आलेले आम्ही

"आम्ही रीतसर आलो, रांगेत उभे राहून आलो," हे मी न्यू जर्सीत इतक्यांदा ऐकवलंय की बायकोला ते तोंडपाठ आहे. अमेरिकेने पारखून हुशार माणसं घेतली, त्यात आम्ही बसलो. भावाबहिणींना बोलावून घेणारे ते वेगळे, असं माझं ठाम मत होतं. हल्ली मी हे बोलत नाही.

मत फिरलं ते अमेरिकेच्या १९६५च्या इमिग्रेशन कायद्यामुळे. आपल्याला दार उघडून देणारा म्हणून आपण त्याचे गोडवे गातो. सरकारच्या मूळ मसुद्यात कौशल्याला पहिला मान होता. पण संसदेच्या इमिग्रेशन उपसमितीचे अध्यक्ष, ओहायोचे मायकेल फीगन अडून बसले आणि नातलग पुढे आले. हिशेब साधा होता: देशात गोरे जास्त, म्हणजे नातलगही गोरेच येणार. व्यावसायिकांना उरले जेमतेम १० टक्के व्हिसा. पण हिशेब फसला, कारण युरोपातून येण्याची निकड ओसरत चालली होती. त्या १० टक्क्यांतून आपले डॉक्टर शिरले, नागरिक झाले आणि फीगनसाहेबांच्याच कलमावर त्यांनी भावंडं आणली. माझा थोरला मामा डॉक्टर म्हणून आला, धाकटा नुसता त्याचा भाऊ म्हणून. माझ्या एमएसच्या खर्चाची हमी धाकट्याने दिली होती, हे मी सहसा सांगत नसे.

आणि रीतसर म्हणाल तर भारतातून आलेले भगतसिंग थिंदही रीतसरच आले होते, अमेरिकी सैन्यातही होते. १९२३ साली सुप्रीम कोर्टाने ते 'गोरे' नाहीत म्हणून त्यांचं नागरिकत्व नाकारलं.

रांगेचं म्हणाल, तर १९९०च्या कायद्याने नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० ठरवली आणि एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा घातली. भारताला जेवढी, तेवढीच आइसलँडला! आमच्या ऑफिसात दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली ते सांगणारं सरकारी पत्रक, आलं की एकच प्रश्न: "डेट सरकली का?" कधीकधी ती मागेही जाते. माझ्या शेजारी बसणाऱ्या नाशिककराचा मुलगा इथेच पहिलीपासून शिकला. २१ वर्षांचा झाला आणि बापाच्या अर्जातून गळला. बापाच्याच टीममधल्या पोलिश माणसाला कार्ड केव्हाच मिळालं होतं. यात कुणाची हुशारी कुणी पारखली?

मर्यादाच नकोत, असं मी आजही म्हणत नाही. पण भावंडांची सोय बंद करा, अशा अर्जावर परवा मंडळात सह्या घेत होते. मी केली नाही.