मालक राहतो का?

पुण्यात स्वतःच्याच घरात राहणाऱ्याला मिळकतकरात 40 टक्के सवलत मिळते. बाबा गेल्यावर आमच्या घरात ती मागायला मालकच उरला नव्हता. आई होती.

बाबांच्या आजारपणात दोघं नाशिकला भावाकडे राहिली, घराला कुलूप होतं आणि त्या काळात सवलत गेली. सवलत 40 टक्क्यांची, म्हणजे पट्टी 40 टक्क्यांनी वाढेल असं वाटतं. पण 9 हजारांची पट्टी 15 हजारांवर जाते. वाढ दोन तृतीयांश. वर थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती. आईच्या कुटुंब-निवृत्तिवेतनातून ही रक्कम काढायची म्हणजे औषधांच्या खर्चाला हात लावायचा.

2023 मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने सवलत परत आली. तिच्यासाठी पीटी-3 नावाचा अर्ज आणि राहत असल्याचा पुरावा द्यायचा होता. आई तोवर पुण्याला परतली होती. पुरावे काढायला बसलो तेव्हा लक्षात आलं, गॅसचं पुस्तक बाबांच्या नावावर, विजेचं बिल बाबांच्या नावावर, टेलिफोन बाबांच्या नावावर. चाळीस वर्षं त्या घराचा उंबरा झिजवलेल्या बाईचं नाव आणि पत्ता एकत्र सापडला तो फक्त मतदार ओळखपत्रावर. ते कार्ड हातात धरून मी बराच वेळ बसले.

त्याआधी करआकारणीत वारसांची नावं लावणं भाग होतं. मृत्यूनंतर वर्षभरात वारसांनी हस्तांतराची नोटीस द्यावी, असं महापालिका अधिनियमातच आहे. पण दुःखाच्या वर्षात हे कुणाला सुचतं? मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सोसायटीचं पत्र जमवताना एका नातेवाइकाने सल्ला दिला, "ताईचं हक्कसोडपत्र घेऊन टाका, सोपं पडेल." ताई म्हणजे मी. आईने तिथल्या तिथे नकार दिला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्राविना गेलेल्या पुरुषाची बायको, मुलगा आणि मुलगी यांना सारखाच वाटा असतो. कराच्या बिलाची सोय म्हणून मुलीने हक्क सोडायचा, हा हिशेब मला आजही पटत नाही. आम्ही तिघांचीही नावं लावली. बिलावर नाव आलं म्हणून कुणी मालक ठरत नाही आणि नाव नसलं म्हणून कुणाचा वाटा जात नाही, हे भावालाही वकिलांकडून नीट ऐकवलं.

खिडकीवरच्या बाईंनी मात्र जीव लावून काम केलं. अर्ज परत द्यायचा प्रसंग येऊ नये म्हणून प्रत्येक रकान्यावर पेन्सिलीने खूण करून दिली. पुढच्या बिलात सवलत लागली.

पण आईसाठी धावायला आम्ही होतो. आमच्याच इमारतीत दोन विधवा एकट्या राहतात, एकीचा मुलगा परदेशी. नवऱ्याच्या घरात राहणाऱ्या बायकोची सवलत, तिचं नाव लागेपर्यंत निदान त्या नोटिशीच्या वर्षापुरती तरी, अर्जाविना चालू राहिली पाहिजे. मृत्यूची नोंद महापालिकेकडेच होते, कराची वहीही तिच्याकडेच असते. दोन्हींची गाठ घालायला कुठल्या नव्या कायद्याची गरज पडेल असं मला वाटत नाही. तोवर मी त्या दोघींना हाताशी धरून विजेचं बिल आणि गॅस त्यांच्या नावावर करून घेते आहे. एकीचं झालं, दुसरीच्या नावाची कागदपत्रं या आठवड्यात द्यायची आहेत.