काळे राहिलेले लोखंड

गंज हा काढून टाकण्यासाठीच असतो, अशी आपली घरगुती समजूत आहे. विळीवर तांबूस डाग दिसला की आई चिंचेचा कोळ घेऊन बसे. कुलपावर दिसला की वडील घासलेटची बाटली शोधीत. भाकरीच्या तव्याला मात्र हा न्याय लागू नसे. तो कितीही काळा झाला तरी कोणी चकचकीत केल्याचे मला आठवत नाही. एकाच स्वयंपाकघरात एकाच धातूला असे दोन न्याय का, हा प्रश्न मला पस्तीस वर्षांत पडला नव्हता. तो पडला बंगळुरात, आणि तोही गॉल्फच्या काठ्यांमुळे.

या खेळाशी माझा संबंध एवढाच, की हाय ग्राउंड्स भागात १८७६ पासून असलेल्या बंगळूर गॉल्फ क्लबाच्या कुंपणाबाहेरून माझी बस जाते. लेखनिकाच्या वेतनश्रेणीत गॉल्फ बसत नाही. पण आमच्याच कचेरीतून फार पूर्वी निवृत्त झालेले एक मराठी अधिकारी तो हौसेने खेळत. गेल्या वर्षी ते वारले. नवरात्रापूर्वी काकूंनी मला बोलावून जुन्या धोतरात गुंडाळलेल्या पाच काठ्या पुढे ठेवल्या.

"खंडेनवमीला पूजेत मांडायच्या आहेत. ह्यांची शस्त्रंच ती. आरशासारखी लखलखीत करून आण."

इकडे हा दिवस आयुधपूजेचा. बसगाड्यांपासून कचेरीतील संगणकांपर्यंत सर्वांस फुले आणि कुंकू लाभते. मग गॉल्फच्या काठ्यांनीच काय पाप केले? शिवाय परमुलखात बदलीवर आलेल्या माणसाला अशा घरांनी किती वेळा जेवू घातलेले असते, हे वाचकांस मी सांगावयास नको.

काठ्या घरी आणून उजेडात पाहिल्या. हिकरी लाकडाच्या दांड्या आणि साध्या लोखंडाची, हाताने घडविलेली पाती. पोलादी दांडीला सेंट अँड्र्यूजच्या नियामक क्लबाने मान्यता दिली ती १९२९ साली. तेव्हा या काठ्या काकांच्याही आधीच्या, त्यांनी जुन्या घेतलेल्या. न गंजणारे पोलाद रूढ होण्यापूर्वी अशी पाती खेळ संपताच घासकागदाने उजळीत. दर वेळी गंजाबरोबर थोडे लोखंडही जाई. एका पात्यावर तांबड्या पुटाखाली धूम्रपानाच्या पाइपाची इवलीशी आकृती दिसली. सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्टुअर्ट या कारागिराची ती खूण. आणि त्याच पात्याच्या दुसऱ्या अंगास, जेथे चेंडू बसतो तेथे, नाण्याएवढी जागा झिजून किंचित खोल झाली होती.

पॉलिशपेपर आणून ठेवलेला होता. तो तसाच राहिला.

तांबडा गंज भुसभुशीत असतो. तो ओल धरून ठेवतो आणि खालचे लोखंड खात राहतो. त्याला दया दाखविण्याचे कारण नाही. पण त्याखालचा घट्ट, काळसर थर धातूला चिकटून बसलेला असतो, आणि तेलाचा हात फिरत राहिला तर तो फारसा त्रास देत नाही. आमच्या तव्याचे बळ असेच, तेलाने आणि आचेने जमलेल्या काळ्या थराचे. दिल्लीत नोकरी केलेल्यांनी मेहरौलीचा लोहस्तंभ पाहिलाच असेल. त्याच्या लोखंडातील स्फुरदामुळे वर एक पातळ संरक्षक थर जमला आणि तो सोळाशे वर्षे टिकला. त्याला कोणी आरशासारखा केला नाही हे आपले भाग्य! अलीकडे काही खेळाडू मुलामा नसलेली पाती मुद्दाम घेऊन गंजू देतात. गंजाने चेंडूला फिरकी मिळते, ही त्यांची श्रद्धा. उन्हात पाते डोळ्यांवर चमकत नाही, एवढे मात्र खरे.

मी घासलेटात भिजविलेला मऊ ब्रश आणि अगदी बारीक तारेची घासणी घेतली. लाकडाला घासलेट लागू दिले नाही. चिंच वापरली नाही. आंबट पदार्थ चांगल्या लोखंडालाही सोडीत नाही, आणि खाचांतून ओल राहिली तर सकाळी गंज पुन्हा हजर. तांबडे तेवढे गेले. मग कोरडे फडके, मग तेल.

काकूंनी पाहिले नि म्हणाल्या, "अरे, हे काळंच राहिलं की."

मी त्यांना पाइपाची खूण दाखविली. मग ती झिजलेली जागा. त्यांनी तीवर अंगठा ठेवला.

"हे ह्यांच्या खेळण्यानं?"

"थोडं काकांच्या, काकू. थोडं त्यांच्या आधी कोणा साहेबाच्या असेल. वेगळं काढता येणार नाही."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. "घासलं तर जाईल?"

"खूण पुसट होईल. खोलगटपणाही कमी होईल."

"मग राहू दे. पण पूजेत काही तरी चमकायला हवं रे. एक तरी घासून दे."

जिच्यावर खूण नव्हती आणि झीजही दिसत नव्हती अशी एक काठी मी त्यांच्या पडवीत बसून तासभर घासली. ती खरोखर आरशासारखी झाली. खंडेनवमीला काकूंनी पाचही पात्यांना ओल्या कुंकवाची बोटे लावली. ओले कुंकू रात्रभर राहिले तर उजळ लोखंडावर सकाळी त्याच बोटांचे गंजाचे ठसे उठतात. म्हणून दसऱ्याला आपट्याची पाने देण्यासाठी जाताना मी तेलाची बाटली आणि फडके पिशवीत घेऊनच गेलो.