केपटाऊनमधला पत्र्याचा डबा

मे महिन्याच्या सुट्टीत भाचीकडे केपटाऊनला जाऊन आले. आपल्याकडे आंब्याचे दिवस, तिकडे थंडीची चाहूल. टेबल माउंटनवर ढग उतरले की समोरचा डोंगर दिवसभर दिसत नाही. बोकापच्या चढावर डॉर्प स्ट्रीटची अव्वल मशीद आहे, १७९४ ची. तिथे असरची नमाज पढले, रंगीत घरं पाहिली, फोटो काढले. पण या प्रवासातलं सांगण्यासारखं भाचीच्या घरातच सापडलं.

तिचं सासर रायलँड्स भागात. आजूबाजूला कोकणातून गेलेल्यांची तिसरी-चौथी पिढी. घरात इंग्रजी चालते, पण जावयांच्या दादींच्या तोंडी अजून आपली कोकणी बोली आहे. दादींचा जन्म डिस्ट्रिक्ट सिक्सचा. ती वस्ती १९६६ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली आणि साठ हजारांवर माणसं उठवली गेली. आता तिथे एका जुन्या चर्चमध्ये संग्रहालय आहे. जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरलाय, त्यावर जुन्या रहिवाशांनी आपली नावं लिहिली आहेत. दादी काठी टेकत थेट आपल्या गल्लीवर जाऊन उभ्या राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी पत्र्याचा डबा काढला. आत सासऱ्यांचा परवाना होता. फोटो, अंगठ्याचा ठसा आणि कोकणातून परत यायची मुदत. मुदत चुकली तर केपमध्ये राहायचा हक्क गेला. खाली थोरल्या जावेची उर्दू पत्रं. १९५३ च्या कायद्याने भारतातून बायको आणायची वाटच बंद केली. थोरल्या दिरांचा निकाह त्यानंतर खेडजवळच्या गावात झाला, म्हणून ही जाऊ आयुष्यभर गावीच राहिली. दीर चार-पाच वर्षांनी एकदा जायचे. "माझी जाऊ मी कधी पाहिलीच नाही," दादी म्हणाल्या. पत्रं मी वाचून दाखवली. बहुतेक पत्रांत छपराची कौलं, मुलांचा ताप आणि पैसे पोचल्याची पोच.

त्याच्याही आधी, १४ मार्च १९१३ रोजी, याच शहरात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला होता की ज्या धर्मात एकाहून जास्त बायकांची परवानगी आहे, त्या रीतीने झालेलं लग्न इथे कायदेशीर नाही. प्रकरण एका मुस्लिम बाईचंच होतं. नवऱ्याकडे निघालेली, तिला प्रवेश नाकारला गेला. त्या वर्षीच्या सत्याग्रहात कस्तुरबांसह बायका तुरुंगात गेल्या, आणि १९१४ च्या कायद्याने एका पत्नीला मान्यता मिळाली.

आता दार उघडं आहे, पण कागद मागतं. भाचीचा निकाह गावात, जमातीच्या दफ्तरात नोंदलेला. नुसत्या उर्दू निकाहनाम्यावर व्हिसा मिळत नाही. म्हणून १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली दाखला काढला, त्यावर परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल घेतला. शिवाय पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, छातीचा एक्स-रे, नवऱ्याच्या नागरिकत्वाचा पुरावा. आणि इथे अडलं. वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला जोडला होता, त्यावरून लग्नाच्या दाखल्यात नावाचं स्पेलिंग 'आय'ने आलं. पासपोर्टवर दोन 'ई'. शाळेचा दाखला माझ्या हातचा! दुरुस्तीत चार महिने गेले. मुलगी इथे, नवरा तिथे. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही, ते जास्त लागलं.

ज्यांच्या घरी असं स्थळ आलंय त्यांच्यासाठी थोडं. पती-पत्नीचा व्हिसा एका वेळी जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो, नोकरीची मुभा त्यात वेगळी मागावी लागते. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या साठ दिवस आधी. लग्नाला पाच वर्षं झाली की कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो, पण ते मिळाल्यावर दोन वर्षांच्या आत संसार मोडला तर परवानाही जातो. नवरा वारला तर मात्र जात नाही. निकाह तिकडे होणार असेल तर इमामसाहेब सरकारमान्य विवाह अधिकारी आहेत का, हे मुलीच्या वडिलांनी आधीच विचारावं. २०१४ मध्ये शंभरावर इमामांना तो अधिकार मिळाला. नोंदणी झाली आणि आधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक धरतात, हेही मेहेरच्या बोलण्याबरोबरच बोलून घ्यावं. नोंद नसलेल्या निकाहातल्या बायकांना तलाकच्या वेळी संरक्षण नव्हतं. २०२२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं, २०२४ मध्ये कायदा बदलला.

भाचीचा व्हिसा ऑक्टोबरात संपतो. नवी फाईल तिने दादींच्या त्याच डब्यात ठेवलीय. निघताना तिने शाळेच्या दाखल्याची दुरुस्त प्रत मागितली. शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यातच मुख्याध्यापकांची सही घेऊन ती पाठवली.