बेतवेच्या पुलावरचा वारा

झाशी,
27 डिसेंबर

प्रिय शैला,


तुझं पत्र आणि मुठेलाची पुडी, दोन्ही सुखरूप पोचली. जानेवारीत तुम्ही दोघं येताय आणि स्कूटर भाड्याने घेऊन ओरछ्याला जायचं म्हणताय, हे वाचून फार आनंद झाला. पण ‘पहाटेच निघू’ हे तुझं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसले. तुमच्या वेंगुर्ल्याच्या थंडीत अंगावर एक चादर ओढली की भागतं. इथली थंडी थेट तोंडावर येते.

मी स्कूटरवरून बरुआसागरच्या शाळेत जाते, तुला माहीतच आहे. गावात असेपर्यंत घरांचा आडोसा असतो. बेतवेच्या पुलावर चढलं की वारा आडवा येतो. डोळ्यांतून पाणी गळतं, गालावरून कानाकडे ओघळतं, आणि जिथून ते गेलं ती रेघ दुपारपर्यंत चुरचुरत राहते. आमच्या स्टाफरूममध्ये डिसेंबर-जानेवारीत सगळ्यांची नाकं लाल आणि ओठ फुटलेले. थंडी आहे, चालायचंच, असं म्हणून सगळे सोडून देतात. मला ते पटत नाही. थंडीला इलाज नसेल, वाऱ्याला आहे. आणि स्कूटरवरचा निम्माशिम्मा वारा आपल्याच वेगाचा असतो.

आपल्या कातडीलगत उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो उडवून लावतो. वाऱ्यामुळे थंडी किती जास्त वाजते, याचं नवं कोष्टक अमेरिका आणि कॅनडाने 2001 साली केलं. त्याप्रमाणे पारा 5 अंशांवर असताना ताशी 40 किलोमीटरचा वारा तोंडावर घेतला, तर उघड्या गालाला उणे 1 अंशाची थंडी वाजते. हवा शून्याच्या वर असली की कातडी गोठत नाही, त्यामुळे ती भीती नको. पण थंडीत कातडीतून तेल कमी पाझरतं, गार हवेत बाष्पही थोडंच मावतं, आणि वारा कातडीतला ओलावा भराभर ओढून नेतो. मग ती ताणते, सोलते, तडकते. म्हणून गाडी जरा हळू चालवणं हाही चेहऱ्याचा उपचारच समज.

खरी तयारी घरातच करायची. सकाळी तोंडाला साबण नको, कढत पाणी तर नकोच. कोमट पाण्याने तोंड धू, टॉवेलने नुसतं टिप आणि ओलसर असतानाच साधं क्रीम लाव. ते मुरलं की नाकाचा शेंडा, गालांची हाडं, ओठ आणि कानाच्या पाळ्या, म्हणजे वारा जिथे आधी लागतो तिथे, व्हॅसलीनचा पातळ हात फिरव. पाणी उडून जाऊ न देण्यात व्हॅसलीनसारखं दुसरं काही नाही. तू पाठवलेलं मुठेलही मी त्याच जागी वापरते. इथल्या गारठ्यात ते दगडासारखं घट्ट होतं. नखाने चिमूटभर खरवडून दोन बोटांत चोळत राहिलं की हळूहळू पाघळतं आणि मग ओठांवर छान बसतं. रातांब्याच्या बियांतलं हे तूप आपल्याकडे टाचांच्या भेगांना लावतात. बुंदेलखंडात ते ओठांना लावणारी बहुधा मीच. हे सगळं निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं उरकायचं. इथे घरोघरी मोहरीचं तेल लावतात, पण ते काहींना झोंबतं. तू चेहऱ्याला लावू नकोस. परत येताना ऊन असेल, तेव्हा सनस्क्रीन विसरू नकोस.

त्यावर कापड. आत मऊ सुती रुमाल, बाहेर लोकरी मफलर. लोकर थेट गालाला लागली तर घासते. श्वासाने रुमाल ओला होतो, आणि ओलं कापड वाऱ्यात तोंडाला आणखी गारठवतं, म्हणून पर्समध्ये एक कोरडा रुमाल जास्तीचा ठेव. मफलरची टोकं जॅकेटच्या आत घट्ट खोचायची. ओढणी चाकात अडकून होणारे अपघात आपण ऐकतोच. इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका 1927 साली नीस शहरात मोटारीच्या चाकात स्कार्फ अडकूनच गेली. हेल्मेट दोघांनीही पूर्ण तोंड झाकणारंच घ्या, आयएसआयच्या शिक्क्याचं. काचेवर वाफ धरली तर काच बोटभर उघडी ठेवा.

पोचल्यावर लोक शेकोटीशी बोलावतील. जा, पण तोंड जाळासमोर धरू नकोस आणि बधिर झालेले गाल चोळू नकोस. हात शेकून गालांवर नुसते ठेव. ओठांवरून जीभ फिरवायचा मोह तर कटाक्षाने टाळ, त्याने ते जास्तच फुटतात.

एवढं वाचून बेत बदलू नकोस हं. याच झाशीत बाईसाहेब, म्हणजे राणी लक्ष्मीबाई, पहाटे उठून मल्लखांब करत आणि मग घोड्यावर बसत, असं गोडसे भटजींनी ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवलंय, 1858च्या वेढ्यात ते इथेच होते. तेव्हा झाशीला येऊन सकाळची रपेट चुकवायची नाही. फक्त दाट धुकं असेल तर ते विरेपर्यंत थांबायचं. ओरछा काही लांब नाही, नऊला निघूनही पोटभर बघून होतं.

गाडीची तारीख कळव, मी स्टेशनवर येते. आणि येताना मुठेल आणखी आण. शाळेतल्या दोघीतिघींनी आत्ताच मागून ठेवलंय.

तुझी,
नलू

ता. क. – तुझ्या भाचीच्या गालांवर थंडीत पांढुरके चट्टे उठतात म्हणून घरचे जंताचं औषध देतायत, असं लिहिलंस. लहान मुलांत असे चट्टे बहुतेक वेळा कोरड्या त्वचेमुळे दिसतात आणि साध्या क्रीमने हळूहळू जातात. तरी त्वचेच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. आणि तिला स्कूटरवर पुढे उभं करून नेणं आधी बंद करा. सगळा वारा त्या पोरीच्या तोंडावर येतो, आणि ते तसंही धोक्याचंच.