आपणही कुणाचा परदेश

"इकडं माणसं आजारी पडत न्हाईत व्हय?" शेजारच्या काकूंनी दारातनंच विचारलं. माझी भाची नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सुट्टीत नेपाळमधल्या डोंगरातल्या एका मिशन हॉस्पिटलात सेवेला निघालेली. पगार नाही, जाण्यायेण्याचा खर्चही घरचाच.

कागलला माणसं जाण्याची सवय आहे. गावाला खेटून हमरस्ता, थोडं पुढं गेलं की दूधगंगा आणि पलीकडं कर्नाटक. कुणी पुण्याला जातं, कुणी बेंगळुरूला, कुणी आखातात. पण ती सगळी कमवायला जातात. काही न मिळवता जाणाऱ्या पोरीचं काय करायचं, हे गल्लीला कळेना.

काकूंचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून माझा जन्म गेला. एका खाटेवर दोघं आणि खाली सतरंजीवर तिसरा, असे वॉर्ड मी सांभाळलेत. रात्रपाळीला सिस्टर एक, मावशी एक, आणि मामा हाकेला येईल याची खात्री नाही. तिथून बघितलं तर पोरीनं सीमा ओलांडून जावं असं काय आहे?

उत्तर शोधायला मी मिरजेकडं वळते. विल्यम वॉनलेस मूळचे कॅनडाचे. 1889 साली ते या मुलखात आले आणि 1894 मध्ये मिरजेत त्यांचं हॉस्पिटल उभं राहिलं. त्यांच्यामागोमाग परदेशी नर्सही आल्या, इथल्या मुलींना शिकवू लागल्या. परक्याच्या अंगाला हात लावणं, त्याची घाण काढणं, हे घरंदाज बाईचं काम नव्हे असं मानणारा तो काळ. त्यामुळं सुरुवातीला भरणा ख्रिस्ती मुलींचाच. त्या परदेशी बायकांच्या गावातही कुणी शेजारीण म्हणाली असेलच की, आपल्याकडं कमी का आजारी आहेत? त्यांच्या नकाशावर दूर टोकाचा, तापाचा, न समजणाऱ्या भाषेचा मुलूख म्हणजे आपण होतो. ही गोष्ट आपण फारशी मनात आणत नाही. परदेश म्हटलं की आपल्याला विमान दिसतं. आपण स्वतः कधी दिसत नाही. (धर्मप्रसाराचा हेतू त्यात होताच. पण रात्री तीनला ओला झालेला बिछाना बदलणाऱ्या हाताचा हेतू तपासत बसणं मला जमलेलं नाही.)

आमच्या पेशाची सुरुवातच मुळी अशा एका प्रवासातून झाली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की क्रिमियाचं युद्ध आणि हातातला दिवा. पण त्या युद्धावर जायच्या तीन वर्षं आधी, 1851 मध्ये, ती जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या कैसरवर्थला शिकाऊ म्हणून जाऊन राहिली होती. श्रीमंत घरची मुलगी, घरच्यांचा कडाडून विरोध. तिथं तिनं राज्य चालवलं नाही. रोग्यांजवळ बसली, जखमा धुताना पाहिल्या, पडेल ते काम केलं. दिव्याचं चित्र सगळ्यांनी भिंतीवर लावलं. त्या शिकाऊ महिन्यांचं चित्र कुणी काढल्याचं मला दिसलं नाही.

आणि आपले द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचा तरुण डॉक्टर 1938 मध्ये पाच जणांच्या पथकातून चीनला गेला, चिनी शिकला, त्या भाषेत शिकवू लागला आणि 9 डिसेंबर 1942 रोजी तिथंच वारला. वय अवघं बत्तीस. कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांनी 1946 मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, स्वतःच कोटणीस झाले. तो बघताना मी नेहमी एकाच ठिकाणी अडते. कोटणिसांची बायको ग्वो चिंगलान पेशानं नर्स, नर्सिंग शिकवणारी. पण तिची ओळख राहिली ती कोटणिसांची पत्नी म्हणून. डॉक्टरचं काम इतिहास होतं, नर्सचं काम माया होऊन जातं. माया वाईट नाही, पण तिची नोंद कुठल्या रजिस्टरला होत नाही.

भाचीलाही नेपाळात फार काही करू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. शिकाऊ आहे, परकी आहे. इंजेक्शन नाही, सलाइन लावणं नाही. तिच्या वाट्याला येतं ते स्पंजिंग, तोंड पुसणं, चमच्यानं भरवणं, पाठीला पावडर लावणं, टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वास, लिहिणं. पहिले काही दिवस ती हिरमुसली होती. मला मात्र आत कुठंतरी बरं वाटलं. आमच्या वॉर्डात नेमकी हीच कामं वेळेअभावी रोग्याच्या नातेवाइकांवर सोडून आम्ही पुढच्या खाटेकडं पळायचो.

परवा रात्री तिचा फोन आला. "मावशी, खुब्याचं हाड मोडलेली आजी आहे. कूस बदलायला हात लावला की ओरडते. दर दोन तासांनी वळवायचं तर आहे, नाहीतर माकडहाडावर जखम होणार."

"तिच्याजवळ कोण असतं?"

"सून."

"मग तू हात लावू नकोस. ती कशी वळवते ते आधी बघ."

दुसऱ्या दिवशी फोनवर तिचा आवाज चढलेला. सुनेनं जुन्या पातळाची घडी आजीच्या कमरेखाली सरकवली होती. पातळ ओढायचं, आजी आपोआप वळते, दोन गुडघ्यांमध्ये उशी. आम्ही ज्याला ड्रॉशीट म्हणतो तेच, फक्त पुस्तकातल्यापेक्षा मऊ. आता कॉलेजच्या प्रॅक्टिकलला ती तसंच करून दाखवणार म्हणते, जुनं पातळ घरून नेऊन. परीक्षक मार्क देतील असं मला वाटत नाही. बहिणीनं मात्र कपाटातलं एक धुवून ठेवलंय.