अंधारातला पाय

मंडळी, लकवा म्हटलं की वाकडा झालेला चेहरा आणि न उचलणारा हात आठवतो. पण ताकद परत आल्यावरही मागे राहणारी एक भानगड असते. या वीकेंडला तिच्याबद्दल.

आमचं गाव केनवड, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम. तिथे माझ्या मोठ्या बाबांना लकवा झाला. काही महिन्यांत पायात जोर आला, दिवसा अंगणात फेऱ्या सुरू झाल्या. पण रात्री लाईट गेली की भिंत धरून उभे! विचारलं तर म्हणाले, "पाय दिसला तं माहा हाय बाबू. नाही दिसला तं कोनाचा हाय, कोन जाने!"

याला म्हणतात प्रोप्रिओसेप्शन. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली हा शब्द रूढ केला. स्नायू, कंडरा आणि सांधे यांतले सेन्सर 'गुडघा इतका वाकलाय' हे मेंदूला सतत कळवत असतात. स्ट्रोकमध्ये ती बातमी वाचणारा भागच बिघडू शकतो. आमच्या भाषेत, मोटर चालू पण फीडबॅक गायब. मग मेंदू डोळ्यांवर काम भागवतो, आणि अंधार पडला की सिस्टीम डाऊन.

फिजिओथेरपिस्टने व्यायामासोबत गुडघ्याला घट्ट बसणारा कॉम्प्रेशन स्लीव्ह सुचवला. त्याने ताकद वाढत नाही. कल्पना एवढीच की सांधा वाकला की कापड ताणतं, कातडी ओढली जाते आणि मेंदूला एक जादा सिग्नल मिळतो. पुरावा मात्र अजून छोट्या अभ्यासांचा आणि संमिश्र आहे.

शिवाय सगळं घट्ट कापड सारखं नसतं. २००९ च्या 'क्लॉट्स' चाचणीत मांडीपर्यंतच्या स्टॉकिंग्जनी स्ट्रोकनंतर पायात होणाऱ्या रक्ताच्या गाठी कमी झाल्या नाहीत, उलट कातडीला जखमा वाढल्या. २०१३ मध्ये हवा भरून पाय दाबणाऱ्या यंत्राने मात्र गाठी कमी झाल्या. आणि गंमत बघा, बधिर पायाला स्लीव्ह जास्त घट्ट झालाय हे कळतच नाही! म्हणून डॉक्टरांना विचारूनच घालायचा, त्यातून डायबेटिस असेल तर नक्कीच, आणि रोज काढून कातडी तपासायची.

मोठे बाबा आता बाजेवरून न धरता उठतात. स्लीव्हमुळे की रोजच्या व्यायामामुळे? एकाच रिलीजमध्ये दोन बदल केले की बग कशाने गेला ते सांगता येत नाही :) मोठ्या आईने तर सरळ मोरीच्या वाटेवर बॅटरीवर चालणारा दिवा लावला. मला तो सगळ्यात भरवशाचा उपाय वाटतो.

हे लिहायचं कारण वेगळंच. गडचिरोलीतल्या ८६ गावांच्या अभ्यासात (२०१५) दर सात मृत्यूंमागे एक स्ट्रोकने झालेला आढळला. हा आजार फक्त शहरातला नाही. त्यातून वाचणाऱ्यांचं पुढचं आयुष्य मात्र बहुतेक घरच्यांच्या भरवशावर असतं, आणि त्यातले आपल्यासारखे बरेच जण पुण्या-मुंबईत बसून फोनवर चौकशी करतात.

असो. पुढच्या फोनवर "चालता येतं का?" एवढ्यावर थांबू नका. "अंधारात येतं का?" हेही विचारा.