फ्रिजमधली ऊब

आमच्या घरी थिजणारी वस्तू एकच, खोबरेल तेल. डिसेंबरात पुण्याचा पारा जरा उतरला की बाटली उलटी करायची, तिच्या बुडावर थापट्या मारायच्या आणि शेवटी ती खिडकीत उन्हाला ठेवायची, एवढाच आमचा शीत कटिबंधाशी संबंध. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि ऊन लागलं की काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा पातळ होतं. सगळेच पातळ पदार्थ इतके दिलदार नसतात, हे कळायला मात्र मला मिनेसोटापर्यंत जावं लागलं.

मिनियापोलिसला माझे मेहुणे असतात. हिचे थोरले बंधू. हिच्याबरोबर मीही त्यांना दादाच म्हणतो आणि ते मला जावईबापू म्हणतात. २०२५ च्या जानेवारीत आम्ही गेलो. “जानेवारीत तिकडे कोण जातं?” असं बँकेत प्रत्येकाने विचारलं. जानेवारीत तिकीट स्वस्त असतं. बी.कॉम. झालेल्या माणसाला याहून मोठं कारण लागत नाही.

पुण्यात असताना दादांनी खिळा मारायला घेतला की शेजारी आपल्या फळीवरच्या कपबश्या उतरवून ठेवत. तिकडे सुताराची मजुरी ऐकली की माणूस आपोआप सुतार होतो. दादांचं गॅरेज घरापासून सुटं, बिनहीटरचं. त्यात मोटार अंग चोरून उभी असते आणि दादांची सुतारकी ऐसपैस नांदते. बाहेर उणे २० असलं की आतही फार काही वेगळं नसतं.

आता तिथल्या पाण्यातल्या रंगांवर आणि लाकडाच्या डिंकावर (तो आपल्या फेव्हिकॉलचाच भाऊबंद) ‘गोठू देऊ नका’ असं स्पष्ट छापलेलं असतं. या मंडळींत पाण्यात बारीक बारीक कण तरंगत असतात. पाण्याचा बर्फ झाला की ते कण एकमेकांवर चेपले जातात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. फाटलेलं दूध पुन्हा चांगलं होईल काय? तसंच हे. एखाद्या वेळी गोठणं डिंक सोसतो, पण दर वेळी त्याची पत खाली येते. आदल्या वर्षी अशाच एका गोठून सुटलेल्या डिंकाने दादांनी दोन फळ्या जोडून पाट केला होता. तो सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायात गुरुजींच्या खाली दुभंगला. गुरुजी सज्जन. त्यांनी साधुवाण्याचं गलबत बुडण्याआधी स्वतः बुडल्याचं मनावर घेतलं नाही.

पण या वर्षी काम पाटाचं नव्हतं. दादांच्या मुलीला फेब्रुवारीअखेर दिवस भरत होते आणि दादा पाळणा करत होते. पाळण्याला दुभंगायची सवलत नाही.

“मग हे डबे तळघरात का नाही ठेवत?” मी विचारलं. दादांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, “तळघरात तांदूळ आहेत, लोणची आहेत, गणपतीचं मखर आहे. तिथे वास मारणारे डबे आले तर मी गॅरेजमध्ये जाईन.” हा ठराव बहुमताने संमत झालेला होता.

तेव्हा दादांनी गॅरेजात एक मेलेला फ्रिज आणून उभा केला. तोही गार करण्यासाठी नव्हे. थंडी बाहेर जाऊ न देणारी पेटी थंडी आतही येऊ देत नाही. आत चाळीस वॉटचा एक जुना पिवळा बल्ब आणि त्याला एक हुशार प्लग. हवा दोन अंशांवर आली की बल्ब लागतो, सातच्या वर गेली की विझतो. आपल्याकडे फ्रिजचं दार उघडलं की दिवा लागतो. इथे दार उघडं राहिलं की दिवा विझतच नाही. एलईडीचा इथे उपयोग नाही, कारण तो वीज वाया घालवत नाही आणि दादांना नेमकी तीच वाया गेलेली वीज हवी असते. ऑगस्ट २०२३ पासून तिकडे घरगुती वापराच्या साध्या पिवळ्या बल्बांची विक्री बंद झाली. त्याआधीच दादांनी डझनभर बल्ब घेऊन ठेवले होते. ते कुलपात असतात. आमच्या बँकेतही काही वस्तू इतक्या सांभाळून ठेवत नाहीत.

थिनर आणि पेट्रोल मात्र बाहेरच्या फळीवर. ती तेवढ्या थंडीत गोठत नाहीत आणि बंद पेटीत बल्बच्या शेजारी ठेवली तर पाळण्याआधी गॅरेज झुलेल. ड्रिलच्या लिथियम बॅटऱ्या घरात, कारण शून्याखाली त्या चार्ज केल्या तर कायमच्या बिघडतात. त्या मिक्सरशेजारी चार्ज होतात. आणि सुपरग्लूची नळी स्वयंपाकघरातल्या चालू फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या मागे, कारण तिला गारवाच मानवतो! एक डिंक ऊब मिळावी म्हणून फ्रिजात, दुसरा गारवा मिळावा म्हणून फ्रिजात. मी दोन दिवस चहाचं दूध काढताना लेबल वाचत होतो.

एवढं करून शेवटी पेच पडलाच. डिंक गोठला नाही, पण दहा अंशांच्या खाली जोडकाम केलं तर तो खडूसारखा पांढरा वाळतो आणि सांधा कच्चा राहतो. म्हणजे आता डबा नव्हे, अख्खा पाळणाच उबेला आणायला हवा होता. दादा दुपारभर स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत होते. कर्ज मागायला आलेला माणूस मी लांबून ओळखतो.

वहिनींनी अर्ज ऐकूनही घेतला नाही. सोफा सरकवला, जुनी सतरंजी अंथरली आणि “गालिच्यावर डिंक सांडला तर बघा” एवढंच म्हणाल्या.

त्या रात्री पाळणा हॉलमध्ये क्लॅम्पांनी आवळलेला उभा होता. मी दोनदा पाणी प्यायला उठलो. पहिल्यांदा वहिनी बोटाने एक सांधा चाचपून पाहत होत्या. दुसऱ्यांदा हीटरचा काटा दोन अंश वर सरकवत होत्या.

“यांना सांगू नका हं,” त्या म्हणाल्या, “बिलावरून ओरडतात.”